आईने लावलेलं आलं

२००१ साली, गणपती उठले त्या आठवड्यात आई गेली. तापाचं निमित्त झालं. दौंडच्या दवाखान्यातून ती घरी आली नाही. तिच्या हातचं एकच झाड मागे राहिलं. मोरीशेजारी, गोडेतेलाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात लावलेलं आलं.

ते उन्हाळ्यात लावलेलं होतं. यवतच्या बाजारातून आणलेल्या आल्याला टोपलीतच कोंब फुटला. तिने कोंबाकडचा तुकडा मोडला, मोडलेली बाजू सुकेपर्यंत सावलीत ठेवला आणि डोळा वर करून मातीत दाबला. डब्याच्या तळाला खिळ्याने भोकंही तिनेच पाडली होती.

मी तेव्हा रांजणगावच्या एका कारखान्यात होतो. खोली शिरूरला, सुट्टीला गावी. वडील आता घरात एकटेच असत. त्यांनी आयुष्यभर ऊस केला. कालव्याच्या पाळीवर रान भिजवणाऱ्या माणसाला पिवळं पान दिसलं की पाणी कमी पडलं एवढंच कळतं. थंडीत आल्याची पानं पिवळी पडायला लागली, तसे ते डब्याला सकाळ-संध्याकाळ तांब्या तांब्या पाणी घालू लागले.

शेजारचे मामा यवतच्या बाजारात आलं-लसूण विकत. एका सकाळी त्यांनी हे पाहिलं.

"आप्पा, ऊस हाय का त्यो, पाट फोडून द्यायला?"

"पिवळं पडलंय."

"पडणारच की. वरचं वाळतं तवा खालचं पोसतं. पाणी तोडा त्याचं. वाळू द्या, मंग काढा. त्यातलंच बेणं पुढच्या सालाला."

"वाळू देऊ?"

"व्हय."

"ते माझ्याच्यानं न्हाई व्हायचं, मामा."

मामांनी बाजाराची टोपली उचलली. "मंग निदान येकच टाइम घाला," म्हणाले आणि गेले.

वडिलांनी मान हलवली होती, पण पाणी दोन्ही वेळा चालू राहिलं. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "तिचं बेणं हाय. मोडू द्यायचं न्हाई."

शिमग्याच्या सुमारास दांडे नुसता हात लावला तरी निघून येऊ लागले. वडिलांनी डबा अंगणात पालथा केला. मातीचा चिखल झाला होता. आल्याची साल शाबूत होती, आत पाणी. दाबलं की फुटत होतं. मामांनी चिखल बोटांनी चाळला. करंगळीएवढा एक तुकडा कडक निघाला.

"ह्यो लावा. पर कोंब दिसंस्तवर पाणी न्हाई, सांगून ठिवतो."

वडिलांनी डब्यात नवी माती भरली आणि तुकडा लावला.

जूनमध्ये मी गावी गेलो, तेव्हा ते तांब्या घेऊन डब्यापाशी बसलेले होते. माती ओली होती. तिच्यात काही उगवलेलं नव्हतं.