एक गडी, दोन पाळ्या

माझ्या नावापुढे बी.एस्सी. लागलं ते अण्णामुळे. अण्णा म्हणजे माझ्या आत्याचा थोरला मुलगा. तो दहावीनंतर बिदरजवळच्या कोळारच्या कारखान्यात लागला होता. माझी बारावी झाली तेव्हा तो औरादजवळच्या आमच्या गावी आला आणि माझ्या वडिलांना, म्हणजे आप्पांना, म्हणाला, "मामा, ह्याला बिदरला धाडा. माझ्या खोलीवर राहील, शिकंल. दुसरं काही करणार न्हाई."

वडिलांनी मेंढरं कधीच विकली होती आणि ते दुसऱ्याच्या शेतात कामाला जात. आमच्या घरातल्या कुणीही कॉलेजची पायरी चढलेली नव्हती. त्यांनी अण्णाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. म्हणून मी शिकलो. इतकं साधं आहे ते.

'दुसरं काही करणार न्हाई' हे मात्र मी फार मनावर घेतलं होतं. त्यामुळे पहिल्या वर्षीच अण्णा मला दर रविवारी त्याच्या ओळखीच्या मोटर बांधणाऱ्याच्या दुकानात नेऊन बसवू लागला, तेव्हा मला ते खटकलं. जळालेल्या पंपाची तार काढायची, नवी भरायची. मी विचारलं, "अण्णा, मला कामून शिकवायलास हे?"

"यायला पायजे."

"मी तर बी.एस्सी. करायलोय."

"मग हात मोडायलेत का तुझे?"

पुढच्या वर्षी त्याने मला टेम्पो चालवायलाही शिकायला लावलं. तेव्हा माझ्या मनात जे आलं ते मी कुणाला सांगितलं नाही. अण्णाला वाटतंय, हा काही पास होत नाही. वडिलांना एक सांगितलं आणि आतून दुसरी तयारी चालली आहे. पदवी मिळाली तर मिळाली, नाहीतर मोटर बांधेल, टेम्पो चालवेल.

त्याच दिवसांत आम्हा दोघांना खेळ लागला.

आमच्या खोलीजवळ एका भाईचं नेट कॅफे होतं. प्लायवूडच्या खोक्यांत बसून पोरं एक ऑनलाइन खेळ खेळत. त्यात आपला एक माणूस तयार करायचा, त्याला घेऊन जंगलं, किल्ले पालथे घालायचे, राक्षस मारायचे. सगळीकडची माणसं एकाच वेळी त्या जंगलात फिरत असत. आम्ही दोघांनी मिळून एकच माणूस केला. त्याला आम्ही गडी म्हणायचो. ही कल्पना अण्णाची. कारखान्यात तो दुपारच्या पाळीला असायचा, म्हणून सकाळी खेळायचा. मी कॉलेज करून संध्याकाळी बसायचो. "मशीन एक, पाळ्या दोन," तो म्हणाला. "मशीन थंड पडू द्यायची न्हाई." कॅफेतली बाकीची पोरं हसायची. एक गडी दोघांत वाटून घेणारे बिदरमध्ये आम्हीच असू.

कारखान्यात पाळी सोडणारा माणूस पुढच्याला सांगून जातो, बेअरिंग तापतंय, तेल कमी आहे. अण्णाने तीच रीत इथे लावली. सकाळी मी कॉलेजला निघताना तो भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा सुसला परतत असायचा. तेव्हा मी माझी पाळी सांगायचो आणि तो आदल्या दिवशीची त्याची. मी म्हणायचो, "ओढ्याच्या पलीकडं उभा केलाय. तिथनं डावीकडं जाऊ नको, लांडगे हायेत."

गडी जसजसा मोठा होई तसे त्याला पॉइंट मिळत. ते तलवारीत घालायचे, की जखमा भरायच्या विद्येत, हे आपण ठरवायचं. काहीजण सगळे पॉइंट एकाच गोष्टीत घालत, काहीजण दोन्हींत वाटून. एकदा घातलेले परत काढता येत नव्हते. आमचं ठरलं होतं की सगळे तलवारीत. मी आग्रह धरला आणि अण्णा 'व्हय' म्हणाला. अर्धा तलवारवाला अर्धा वैद्य असा गडी दोन्हीकडे कच्चा राहतो, हे मी कॅफेतल्या पोरांकडून ऐकलं होतं, आणि मला ते लगेच पटलं होतं.

त्यात संध्याकाळच्या वेळी एका टोळीशी माझी ओळख झाली. हैदराबादची, पुण्याची मुलं होती, कुणालाच कधी पाहिलेलं नाही. त्यांचा म्होरक्या इंग्रजी अक्षरांत हिंदी लिहायचा. त्यांच्यात प्रत्येकाचं काम वेगळं होतं. एकजण मार झेलायचा, एकजण लांबून बाण मारायचा, एकजण सगळ्यांच्या जखमा भरायचा. तलवारवाल्याची जागा रिकामी होती. म्होरक्याने विचारलं, "पूरा तलवार है ना? मिक्स नहीं चाहिए." मी अभिमानाने लिहिलं, पूरा.

आणि एका संध्याकाळी मी गडी उघडून पाहिला तर नवे पॉइंट जखमांच्या विद्येत गेलेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळी सांगताना अण्णा याबद्दल काही बोलला नाही. म्हणून पहिला संशय भाईवर आला. कॅफे त्याचं, कॉम्प्युटर त्याचे. मी त्याला आडून विचारलं. तो काउंटरवरून हलला नाही. "क्या मियाँ, तुमारे पासवर्ड का अचार डालना क्या मेरेकू?" तरी मी पासवर्ड बदलला आणि फक्त अण्णाच्या कानात सांगितला. आठवड्याने पुन्हा तेच. तलवार होती तिथेच आणि विद्या एक पायरी वर.

आता उरला अण्णा. आणि तो रोज सकाळी माझ्यासमोर बसून लांडग्यांचं सांगत होता, पॉइंटचं नाही. मी त्याच्या तोंडाकडे पाहत राही. तो सुसल्यावर लिंबू पिळत असे. त्याने टोळीबद्दल कधी विचारलं नव्हतं, हेही मला आठवू लागलं. एक गोष्ट लपवणारा माणूस दुसरीही लपवत असेल. मोटरचं दुकान, टेम्पो, आता हे. मला वाटलं, मी कशातही पूर्ण व्हावं हे याला नकोच आहे.

एका सकाळी कॉलेजला न जाता मी कॅफेत गेलो आणि अण्णाच्या मागच्या खोक्यात बसलो. प्लायवूडला मोठी फट होती. त्यातून त्याचा पडदा दिसायचा.

गडी एकटाच जंगलात चालत होता. दोन-तीन अनोळखी माणसं त्याच्याजवळ आली, पडद्यावर इंग्रजीत काही उमटलं. अण्णाने गडी बाजूला घेतला. पुन्हा कुणी आलं, पुन्हा बाजूला. अण्णा कन्नड शाळेत शिकलेला. मराठी तो सावकाश वाचायचा, इंग्रजीत टाइप करणं त्याला येत नव्हतं. पुढे लांडगे आले. गड्याने दोन मारले, मार खाल्ला, पळून एका झाडाखाली उभा राहिला. अण्णाने एक बटण दाबलं. गड्याभोवती हिरवा उजेड झाला आणि जखमा भरू लागल्या. अण्णा हात मांडीवर ठेवून शांत बसून होता. मग गडी पुन्हा लांडग्यांकडे निघाला.

मी उठून त्याच्या खोक्याच्या तोंडाशी उभा राहिलो.

"अण्णा, कामून घातलास?"

त्याने वळून पाहिलं. दचकला नाही. "कॉलेज न्हाई का आज?"

"आपलं ठरलं होतं ना, सगळं तलवारीत."

"तुझ्यासंगं टोळी असती. मी एकटा असतो तिथं. मार लागला तर मला कोण बघायलंय?"

"मग सांगितलं कामून न्हाईस?"

"न्हाई म्हणला असतास तू."

हे खरं होतं आणि त्यामुळे मला जास्त राग आला. ज्याला एकट्याने चालायचं आहे त्याला थोडं थोडं सगळं लागतं, ज्याच्याभोवती माणसं आहेत त्यानेच एक काम धरून बसावं, हे मला तिथे उभ्याउभ्याच समजलं होतं. पण माझा प्रश्न आता गड्याचा राहिला नव्हता.

"अन् मोटर? अन् टेम्पो? मी नापास होईन म्हणून लावलास ना?"

अण्णाने गडी परत झाडाखाली आणून उभा केला. भाई काउंटरवरून म्हणाला, "घर का झगडा घर में करो रे बाबा."

"चल," अण्णा म्हणाला, "चहा पिऊ."

चहा प्यायलो. उत्तर मिळालं नाही. मीही पुन्हा विचारलं नाही, कारण तो 'व्हय' म्हणाला तर त्याच्या खोलीवर कुठल्या तोंडाने राहायचं हे मला कळत नव्हतं.

टोळीने आठवडाभरात आम्हाला काढलं. म्होरक्याने लिहिलं, तू तो मिक्स निकला. हळूहळू मी संध्याकाळी लायब्ररीत बसू लागलो आणि गडी अण्णाकडेच राहिला. पाळी सांगायची रीत मात्र मोडली नाही. सकाळी तो लांडग्यांचं सांगायचा, मी रसायनशास्त्राचं. तो मान हलवून ऐकायचा, आणि मी त्याच्या त्या मान हलवण्यातही खरं-खोटं शोधायचो.

मी पास झालो. गुलबर्ग्याला एम.एस्सी.ला जागा मिळाली. फोनवर अण्णा दोन वाक्यांत बोलणं संपवतो, म्हणून तिथे गेल्यावर मी त्याला पत्र लिहिलं. त्याला सावकाश वाचता यावं म्हणून अक्षर मोठं काढलं. ते असं:

तीर्थरूप अण्णास नमस्कार.

मी इथं पोचलो. होस्टेलवर जागा मिळाली. खोलीत आम्ही तिघं आहोत, एकजण यादगीरचा, एकजण भालकीचा. जेवण बरं आहे, भाकरी मिळते.

बिदरला तू मला ठेवून घेतलंस, दोन वेळचं करून घातलंस, कधी बोलून दाखवलं नाहीस. आपल्या घरात पहिली पदवी माझी, पण ती तुझ्या खोलीत बसून मिळाली. हे मी आप्पांनाही सांगितलं आहे.

गड्याचे पॉइंट तुला हवे तसे घाल. तो आता तुझा. आणखी विद्या घातलीस तरी मी विचारणार नाही.

मी मात्र इथं एकच विषय धरणार आहे. शिक्षक चांगले आहेत, सोबतची मुलं एकमेकांना मदत करतात, म्हणजे मी एकटा नाही. इथल्या चौकात एक मोटर बांधणारा आहे. मला काम येतं हे मी त्याला सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही.

त्या दिवशी कॅफेत मी तुला एक विचारलं होतं. तू चहाला घेऊन गेलास. मी तेव्हापासून त्याचं उत्तर तुझ्या तोंडावर शोधतोय आणि मला ते काही वाचता येत नाही. मी पास होईन असं तुला वाटत नव्हतं, असं असेल तर तसं सांग. मला राग येणार नाही. आला तरी मी दिवाळीला तुझ्याकडेच येणार आहे.

आता दोन वर्षांनी पुन्हा परीक्षा आहे. या वेळी आधीच विचारतो. मी पास होईन असं तुला वाटतं का? व्हय किंवा न्हाई, फोनवर एवढंच सांग.

तुझा लहान भाऊ