मारोलोपने केलेली क्षमा

तोबा सरोवराच्या काठच्या त्या गावात चर्चच्या मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडिलांपैकी एक म्हातारे वारले, त्यांची जागा रिकामी झाली, आणि मारोलोप सिहोतांगला एकाएकी भक्तिमान व्हायची घाई झाली. पाळकांनी त्या रविवारी भक्तिमान माणसाची लक्षणं सांगितली होती: नम्र, सोशिक, पाहुणचार करणारा, दारूपासून दूर, क्षमाशील. मारोलोपने ती कागदावर उतरवून दाराला चिकटवली. त्याची बायको तिउर्मा ती वाचून पुन्हा चुलीकडे वळली.

नम्रता सोपी होती. तो चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसू लागला, तोही अर्धा तास आधी येऊन, म्हणजे येणाऱ्या प्रत्येकाला तो तिथे दिसावा. पाहुणचारही त्याने दणक्यात केला. पहाटे उठून मासे साफ करायला आणि मसाला वाटायला तिउर्मा होतीच. ताडीच्या टपरीवर जाणं त्याने सोडलं. आता ताडी घरी, कॉफीच्या किटलीतून.

अडलं ते क्षमेपाशी. त्याचं कुणी काही वाकडं केलेलंच नव्हतं.

मग देव पावला. त्याचं डुक्कर कुंपण मोडून शेजारच्या लाम्रियाच्या शेतात शिरलं आणि त्या विधवेची सगळी रताळी उकरून फस्त करून आलं. लाम्रियाने दारात उभं राहून मारोलोपच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तो हात जोडून ऐकत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर एवढा आनंद तिउर्माने लग्नाच्या दिवशीही पाहिला नव्हता.

रविवारी तो मंडळीपुढे उभा राहिला. भरल्या गळ्याने म्हणाला, "बहीण लाम्रिया मला नको नको ते बोलली. मी तिला क्षमा केली आहे."

बायकांनी डोळे पुसले. रताळ्यांचं नाव कुणी काढलं नाही. लाम्रिया आ वासून बसून राहिली.

नव्या वडिलांच्या निवडीआधी पाळकांनी रिवाजाप्रमाणे तिउर्माला 'इनांग', म्हणजे आई, अशी आदराची हाक मारून विचारलं, "इनांग, घरीही हे असेच ना?"

"सगळे गुण आहेत, अमांग," तीही त्यांना बापाचा मान देत म्हणाली. "फक्त घरी आणायचे राहिलेत."

मंडळी खदखदून हसली. बायकोलाही किती विनय, असं म्हणत पाळकांनी मारोलोपचं नाव जाहीर केलं. आयुष्यात पहिल्यांदा ती चारचौघांत खरं बोलली होती, आणि त्याचा विनोद झाला. ते तिला फार लागलं.

मेजवानीला तेच डुक्कर कापलं. मानाचा, डोक्याकडचा वाटा रीतीप्रमाणे नव्या वडिलांचा, म्हणजे मारोलोपचा. तिउर्माने तो केळीच्या पानात बांधला आणि सगळ्यांदेखत लाम्रियाच्या हातात नेऊन ठेवला.

"त्याने दिला?" लाम्रियाने विचारलं.

"नाही, मी. तुझीच रताळी आहेत यात."

मारोलोप बघत होता. ओरडावं तर शेजारी पाळक. त्याने डोळे मिटले आणि जेवणाआधीची प्रार्थना सुरू केली. ती एवढी लांबली की रस्सा गार झाला. लाम्रिया मात्र आमेनची वाट न बघता जेवायला बसली, आणि तिउर्मा तिच्या शेजारी.