आडावर कोण येत नव्हतं?

तुमसर रोडच्या फलाटावर गाडी फार वेळ थांबत नाही. म्हणून आमच्याकडची माणसं निरोपाचं सगळं बोलणं गाडी यायच्या आधीच उरकून घेतात. आईनं चिन्नोर तांदळाची पिशवी दोनदा बॅगेत भरली आणि दोनदा बाहेर काढली, कारण तिच्या मते वरच्या कपड्यांना तांदळाचा वास लागला असता. शेवटी ती पिशवी माझ्या मांडीवरच आली. गाडी दिसू लागली तशी आई म्हणाली, "पोचली की फोन करजो. जेवून घेत जाजो." बाबा वीज मंडळात लाइनमन होते, नुकतेच निवृत्त झालेले. मी डब्यात चढून बसल्यावर ते खिडकीशी आले आणि म्हणाले, "लाइन बंद हाये असं कोणी कितीबी सांगतलं, तरी आपण टेस्टर लावून पाहाव. तिकडं माणसायचंबी तसंच कर." मी हसले. गाडी हलली. मागे वळून पाहिलं तेव्हा बाबा फलाटावरच्या पंख्याकडे बघत उभे होते. तो बंद होता.

हे मी तिकडे राहिलेल्या माझ्या माणसांसाठी लिहिते आहे, आणि माझ्यासारखं बॅग उचलून इकडे आलेल्यांसाठीही. गावाजवळच्या शाळेत मी बरीच वर्षं कंत्राटावर शिकवलं. नोकरी पक्की होईल होईल म्हणता म्हणता तिशी उलटली. मग पुण्याच्या एका शाळेची जाहिरात पाहिली, अर्ज केला, फोनवर मुलाखत झाली, आणि मी निघाले.

शाळा शनिवार पेठेच्या कडेला होती. जुनी दगडी इमारत, मधे अंगण, अंगणात लोखंडी जाळी टाकून बंद केलेला आड. मुख्याध्यापिका लिमये मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "आमच्याकडे प्रश्नातून शिकतात. उत्तरं देणारे शिक्षक पुण्यात पेठेगणिक आहेत. आपल्याला गप्प बसता येईल का?" मला वाटलं त्या चेष्टा करताहेत. त्या करत नव्हत्या.

मी आजवर फळ्यावर उत्तरं लिहून देत आले होते. तिकडे पोरांनी ती उतरवली की माझं काम झालं, असं सगळेच मानत. इथं सहावीच्या वर्गात मला दोनच वाक्यं बोलायची मुभा होती: "तुला असं का वाटतं?" आणि "कसं शोधशील?" एखादं मूल चुकीच्या वाटेनं निघालं की जीभ नुसती वळवळायची. पहिल्या आठवड्यात माझ्या तोंडून "काहून?" निघून गेलं आणि अख्खा वर्ग खदखदून हसला. पुढे कित्येक दिवस ते एकमेकांना "काहून रे, काहून?" म्हणत राहिले. मुलं वाईट नव्हती. त्यांना शब्द नवा होता, एवढंच. पण मी तो शब्द मागे ठेवला. आता तोंडातून "का" निघतो, स्वच्छ, प्रमाण, आणि दर वेळी वाटतं की दुसरंच कोणीतरी बोलतंय.

कर्वेनगरला मी एका खोलीत राहते. घरमालकीणबाई सभ्य आहेत, अहो-जाहो करतात. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "आडनाव काय म्हणालात?" मी म्हटलं, "मेश्राम." त्या म्हणाल्या, "मेश्राम म्हणजे...?" मी म्हटलं, "मेश्राम म्हणजे मेश्राम." त्या "बरं" म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी मला फार काही विचारलं नाही. भाडं वेळेवर, नळ नीट बंद करा, एवढंच. शिक्षकांच्या खोलीत डबे उघडले की सगळ्यांचं एकमेकांच्या वर्षानुवर्षांच्या ओळखीतलं बोलणं चालायचं: कोणाची जाऊ, कोणाचा कॅम्पस इंटरव्ह्यू, कोणाच्या सोसायटीची मीटिंग. माझ्या डब्यात आमच्याकडची लाखोळीची डाळ असे. कोणी नाक मुरडलं नाही आणि कोणी चव मागितली नाही. दिवसभर वर्गात ठरवून गप्प बसायचं आणि संध्याकाळी खोलीत आपोआप गप्प बसायचं, असं पहिलं वर्ष गेलं. कधी कधी बसच्या कंडक्टरला स्टॉपचं नाव सांगताना स्वतःचाच आवाज दचकवायचा.

दुसऱ्या वर्षी मुलांनी आडाचा विषय घेतला. त्यांनीच घेतला. शाळेत अशी बोलवा होती की त्या आडातून थेट शनिवारवाड्यापर्यंत भुयार जातं. वर्गात इरा नावाची मुलगी होती. बारीक, चष्मा, बोलायच्या आधी पेन कानामागे खोचणारी. ती म्हणाली, "मॅडम, भुयार असेल तर पाणी भुयारात जाईल ना? मग आडात राहतं कसं?"

मी म्हटलं, "कसं शोधशील?"

मग मुलांनी सुतळीला दगड बांधून जाळीतून सोडला, भिजलेली सुतळी मोजली, पावसाळ्यानंतर मोजली, उन्हाळ्याच्या तोंडावर पुन्हा मोजली. एका गटानं पेठेत फिरून म्हाताऱ्या माणसांना गाठलं. भुयार सापडलं नाही, पण मुलांना त्याचं काही वाटलं नाही. शोधण्याचाच नाद लागला होता, आणि सापडेल ते शाळेच्या प्रदर्शनात मांडायचं त्यांनी ठरवलं होतं. आपण काही सांगितलं नाही तरी मुलं विचार करतात, हे मी तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं, आणि हे कोणाला तरी सांगावं असं फार वाटलं.

शाळेशेजारी जोशीकाका म्हणून एक वयस्कर गृहस्थ राहत. मुलांनी त्यांना वर्गात बोलावलं. ते छान बोलले. पूर्वी नळाला पाणी नसलं की अख्खी आळी या आडावर यायची, दोर कुठला, बादली कुणाची, भांडणं कशी व्हायची. "सगळे यायचे इथे," ते म्हणाले.

इरानं पेन कानामागे खोचलं. "सगळे म्हणजे कोण कोण?"

"सगळे म्हणजे... आपले सगळे."

"आणि कोण येत नव्हतं?"

काका काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी रुमालानं चष्मा पुसला आणि म्हणाले, "असं कधी मोजलं नाही बाळ." तास संपला. मुलांनी त्यांना फूल दिलं आणि ते गेले. फळ्यावर मुलांच्या प्रश्नांच्या रांगेत इरानं एक नवा प्रश्न लिहिला: आडावर कोण येत नव्हतं?

मग ती माझ्याकडे वळली. "मॅडम, तुम्हाला माहीत आहे?"

आता गप्प बसणं हे शिकवणं नव्हतं, लपणं झालं असतं. पण मला तरी काय माहीत होतं? पुस्तकात वाचलेलं, भाषणांतून ऐकलेलं. आमच्या घरात या गोष्टीवर कोणी बोलत नसे. बुद्धवंदना व्हायची, जयंतीला मिरवणूक असायची, बाबा खांबावरून उतरून यायचे, जेवायचे, झोपायचे. मी इराला म्हटलं, "मला पूर्ण माहीत नाही. पण माझ्या बाबांना माहीत असेल. विचारायचं त्यांना?"

लिमये मॅडमची परवानगी घेतली. दुसऱ्या दिवशी फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला. तीस पोरं टेबलाभोवती जमली. बाबा आधी लाजले. "नमस्कार जी," म्हणाले, जणू पलीकडे साहेब बसले आहेत. मग इरानं विचारलं, "आजोबा, तुम्ही लहान असताना पाणी कुठून आणायचात?"

बाबांनी सांगितलं. गावात विहीर होती, पण तिला हात लावायचा नाही. घागर घेऊन बाजूला उभं राहायचं. कोणी आलं, त्याच्या मनात आलं, तर तो वरून ओतणार.

"किती वेळ उभं राहायचात?" एका मुलानं विचारलं.

"कोणी येईपर्यंत."

"आणि कोणी आलंच नाही तर?"

"मंग तहान राहे, बाबू."

"तुम्ही कधी विचारलं नाही का, असं का म्हणून?"

"माह्या बापानं इचारलं. लोकं चिडले. मंग बापानं आन् त्याच्या भावानं मिळून आमची वेगळी विहीर खोदली. मी माती वाहून टाकत होतो डोक्यावर. तुमच्याएवढाच असीन."

मुलं विचारत राहिली. माती कशी होती, दगड लागला का, पहिलं पाणी कोण प्यालं. बाबा रंगात आले. ते हसले, पोरं हसली. मी टेबलाशी उभी होते. यातलं एक अक्षरही बाबांनी मला कधी सांगितलं नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. माझा बाप त्याच्या लहानपणाची सगळ्यात मोठी गोष्ट तीस अनोळखी पोरांना सांगत होता, आणि मी ती पुण्यात, इतक्या लांबून, त्यांच्या गर्दीत उभी राहून ऐकत होते. फोन ठेवल्यावर मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी खिडकी उघडायला गेले आणि बराच वेळ उघडत राहिले.

चार दिवसांनी इराचे वडील शाळेत आले. आयटीतले, बोलायला नम्र, पण चेहरा ताणलेला. लिमये मॅडमनी मलाही बोलावलं. ते म्हणाले, "हे बघा, आम्ही मुद्दाम या मेथडसाठी ॲडमिशन घेतली. क्रिटिकल थिंकिंग वगैरे सगळं मान्य. पण काल जेवताना हिनं माझ्या वडिलांना विचारलं, आपल्या गावच्या विहिरीवर कोण येत नव्हतं, आणि तुम्ही तेव्हा काय करायचात. ते ताटावरून उठले. अजून कोणाशी बोलत नाहीत. अकरा वर्षांच्या मुलीच्या डोक्यात हे घालायची गरज होती का?" बोलताना ते मॅडमकडे पाहत होते, आणि 'घालायची' म्हणताना माझ्याकडे.

मी मनातल्या मनात बॅग भरली. खरं सांगते, तांदळाची पिशवी कुठे ठेवायची इथपर्यंत विचार झाला.

लिमये मॅडमनी चहाचा कप बाजूला सरकवला. "प्रश्न तुमच्या मुलीनं विचारला. उत्तर तुमच्या वडिलांकडे आहे. यात शाळेनं नेमकं काय करावं, असं आपलं म्हणणं आहे?"

"निदान प्रदर्शनात तरी हा प्रश्न नको."

"प्रदर्शन मुलांचं आहे. त्यांना विचारते."

त्यांनी खरोखर वर्गाला विचारलं. मुलं तासभर भांडली. काही म्हणाली, काढून टाकू, इराच्या आजोबांना वाईट वाटतंय. काही म्हणाली, मग मॅडमच्या बाबांना वाईट वाटेल. मी मागच्या बाकावर बसले होते. कोणी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि तेच बरोबर होतं. शेवटी इरा म्हणाली, "प्रश्न ठेवू या. उत्तराच्या जागी मी लिहिते."

प्रदर्शनाच्या दिवशी आडाच्या नकाशाशेजारी, सुतळीच्या मापांशेजारी, बाबांच्या मुलाखतीखाली तिच्या अक्षरात एक कागद होता: 'माझे आजोबा याचं उत्तर देत नाहीत. ते का देत नाहीत, हे मला अजून कळलेलं नाही. शोध चालू आहे.' तिचे वडील त्या कागदासमोर खूप वेळ उभे राहिले. जाताना मला "येतो" म्हणाले, एवढंच. पुढच्या वर्षी इरा शाळेत नव्हती. कर्वे रस्त्यापलीकडच्या कुठल्याशा मोठ्या शाळेत तिला घातल्याचं कळलं. तिच्या आजोबांनी उत्तर दिलं की नाही, मला माहीत नाही. माझी नोकरी राहिली. पक्कीही झाली. त्या संध्याकाळी मी स्वतःसाठी एक बर्फी आणली आणि खोलीत बसून खाल्ली.

उन्हाळ्यात घरी गेले तेव्हा बाबांना म्हटलं, ती विहीर दाखवा. त्यांनी स्कूटरवरून मला आमच्या जुन्या गावी नेलं. विहिरीवर आता सिमेंटची लादी आहे. वर कोणाचं तरी वाळवण घातलेलं. बाबा लादीच्या कडेनं चालून आले, पायानं जागा चाचपली. मी विचारलं, "पाणी किती खोलावर लागलं होतं?"

"ते तुह्या आज्याले मालूम होतं," बाबा म्हणाले. "मी नाही इचारलं कधी."

मग ऊन लागतंय म्हणाले, आणि आम्ही निघालो. घरी आईनं मला पाहुण्यांचं ताट काढलं होतं. भावाच्या मुलीनं माझ्या जुन्या खोलीत तिचा अभ्यास मांडला होता. तिनं घाईघाईनं पसारा आवरला आणि "आत्या, तुम्ही बसा" म्हणाली. 'तुम्ही' म्हणाली.

घर म्हणजे काय, असं आता मला कोणी विचारलं तर पत्ता सांगता येत नाही. कर्वेनगरची खोली घर नाही, आणि तुमसरच्या त्या खोलीत आता दुसऱ्या कोणाची पुस्तकं आहेत. माझ्यापुरतं घर म्हणजे ज्यांना अजून विचारता येतं ती दोन माणसं. दर रविवारी मी फोन करून एक तरी प्रश्न विचारते. तुमचं लग्न कोणी जमवलं? पहिल्यांदा खांबावर चढलात तेव्हा भीती वाटली का? आई, तुझी शाळा का सुटली? बाबा सांगतात. आई म्हणते, "तुले काय करायचं हाये त्याचं? जेवली का तू?" आणि मग, कधी कधी, सांगते.

तुम्ही जे तिकडे आहात, त्या तुमचा मला फार हेवा वाटतो. तुम्ही विचारलंत की समोर बसलेल्या माणसाचा चेहरा दिसतो. मी फोनवर विचारते. आई मधेच गप्प होते. ती रडते आहे की नुसती आठवते आहे, ते इथून कळत नाही.