फौजदारानं भाजी खावी म्हणून

सेनगावच्या बाजारात हरिचंदची जागा कुणाला विचारावी लागत नाही. जिथं वांग्यांचे देठ एकाच दिशेला वळलेले दिसतील, मेथीच्या जुड्यांवर ओलं फडकं पसरलेलं असेल आणि वर बांबूला एक पिंजरा झुलत असेल, तिथं तो मांडी घालून बसलेला. गिऱ्हाइकाला हाक मारणं त्याला कमीपणाचं वाटतं. माल चांगला असला की माणूस आपोआप वाकतो, असं तो म्हणतो; आणि माणसं वाकतातही.

पिंजऱ्यात असतो फौजदार. हा आपल्या रानातला हिरवा राघू नव्हे. राखाडी अंगाचा, पिवळ्या डोक्याचा, गालावर केशरी टिकली लावलेला हा विलायती पोपट. डोक्यावरचा तुरा इतका ताठ, की हे नाव त्याला बाजारानंच दिलं. हरिचंदच्या पोरीनं, पुजानं, कॉलेजात असताना तो परभणीहून आणला. पुढं तिचं लग्न होऊन ती वाशीमला गेली. सासरी दोन मांजरं, म्हणून फौजदार माहेरीच राहिला. रोज दिवेलागणीला तिचा फोन येतो. आधी "फौजदार कसाय?", मग "आई कशी हाय?", आणि वेळ उरला तर बापाची चौकशी.

हरिचंदच्या मळ्यात भाजी उदंड पिकते, पण त्याच्या चुलीवर ती क्वचितच चढते. त्याच्या बापाचा दंडकच होता, की विकणाऱ्यानं मालाला तोंड लावायचं नाही. एकदा जिभेला चटक लागली की चांगलं घरात राहतं अन् वाईट बाजारात जातं. त्यामुळं घरात तुरीचं वरण, ज्वारीची भाकरी, ठेचा. उरलेली भाजी म्हशीला. हरिचंदचे केस पांढरे झाले, पण कच्चं गाजर कसं लागतं हे त्याला ठाऊक नव्हतं आणि त्याचा त्याला अभिमान होता.

उन्हाळ्याच्या तोंडाला एका बाजारी फौजदारानं उघड्या पिंजऱ्यातून हरिचंदच्या खांद्याकडं झेप घेतली. पण तो खांद्यापर्यंत पोचलाच नाही. टमाट्यांच्या ढिगात धपकन पडला. उठला, तुरा सावरला, पण चोच उघडी टाकून धापा टाकत राहिला.

शेजारी शेव-फरसाण घेऊन बसणारी रुख्मिणीबाई म्हणाली, "हरी, तुझा फौजदार रिटायर व्हायला आला रं. पोट बघ कसं सुटलंय!"

"मावशी, तुमच्याच शेवेचं पोट हाय ते," हरिचंद म्हणाला. पण त्याला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पिंजरा मांडीवर घेऊन तो एसटीनं हिंगोलीला गेला. तिथल्या जनावरांच्या डॉक्टरीण, ऐश्वर्या मॅडम, वयानं पुजाएवढ्याच. त्यांनी पोपटाच्या पोटावरून बोट फिरवलं.

"काका, याला खायला काय देता?"

"सगळं बराबर देतो. सूर्यफुलाचं बी, करडई, शेंगदाणे. बाजारात मावशी शेव देती."

"आणि भाजी?"

"भाजी? याला?"

"याच्या अंगात नुसती चरबी झालीय. असंच चाललं तर हा पावसाळा बघायचा नाही. शेव आजपासून बंद. बी मात्र हळूहळू कमी करा, उपाशी ठेवू नका. मेथी, गाजर, कारलं, ताजं काहीही द्या. मिळेल ना तुमच्याकडं?"

हरिचंदला परतीच्या गाडीत एवढं हलकं वाटलं, की त्यानं कंडक्टरला विनाकारण रामराम घातला. साऱ्या तालुक्याला भाजी पुरवणाऱ्या माणसाला भाजीचा इलाज!

घरी येऊन त्यानं मळ्यातली सगळ्यांत कोवळी मेथी खुडली, धुतली, पिंजऱ्यात ठेवली. फौजदार मागं सरकला. कोपऱ्यात अंग चोरून असा उभा राहिला, जणू ती मेथी नसून मांजराचं शेपूट आहे. गाजराचा तुकडा दिला, तर तो पायानं ढकलून बाहेर टाकला. काकडीकडं पाठ फिरवली. आठवडा गेला, पंधरवडा गेला. फौजदार मोजकं बी खायचा आणि रिकाम्या वाटीवर चोच आपटत बसायचा.

बाजारात ही गोष्ट लपून राहते थोडीच! रुख्मिणीबाई गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "घरचं पाखरू तोंड लावंना, तर लोकांनी काहून घ्यावं बाप्पा?" एका गिऱ्हाइकानं हातातली जुडी चक्क हुंगून पाहिली. हरिचंदच्या आयुष्यात कुणी त्याची जुडी हुंगली नव्हती.

त्या संध्याकाळी बायको, आशाबाई, भाकऱ्या थापत होती. तो चुलीपुढं येऊन बसला.

"पाखरू भाजी काहून खाऊन न्हाई राहिलं, काही समजंना."

"मला तर पयल्या दिशीच समजलं."

"मंग बोलली काहून न्हाई?"

"तुमी इचारलं कवा?" तिनं भाकरी तव्यावर टाकली. "पिल्लू होतं तवा कोथिंबिरीला चोच लावाया जायचं. तुमी काय करायचे? 'ए, इकायचंय ते!' म्हणून चोचीवर टिचकी हाणायचे. वर्षभर टिचक्या खाल्ल्या त्यानं. हिरवं दिसलं की टिचकी येती, एवढं ते शिकलं. शहाणं लेकरू हाय."

हरिचंदनं आपलं बोट मुठीत मिटून घेतलं.

"आता काय करावं?"

"आता तुमी खाऊन दाखवा. ते तुमच्या तोंडाकडं बघूनच खातं."

"मी? कच्चं?"

"अन् घरात न्हाई, बाजारात. टिचक्या बाजारात हाणल्या, तर माफी बी बाजारातच मागा."

पुढच्या बाजारी हरिचंदनं लोकांकडं पाठ केली, धोतराच्या सोग्याआड मेथीची दोन पानं धरली आणि चोरासारखी तोंडात टाकली. बाप वरून बघतोय असंच त्याला वाटलं. फौजदारानं मान वाकडी करून पाहिलं आणि डोळे मिटले.

"काय रं हरी," रुख्मिणीबाई म्हणाली, "आशा जेवाया न्हाई का घालत?"

असे दोन-तीन बाजार गेले. तोंड चुकवून खाल्लेली भाजी अंगी लागते, पण पाखराला पटत नाही. फोनवर पुजानं विचारलं, "फौजदार कसाय?" तर "बराबर हाय" म्हणून हरिचंदनं फोन लगेच आशाबाईच्या हातात दिला.

मग तो बाजार आला. फडकं अजून काढायचं होतं, भवानीसुद्धा झाली नव्हती, आणि पिंजऱ्यात थप्प असा आवाज झाला. फौजदार दांडीवरून खाली पडला होता. तुरा मिटलेला, पंख सैल.

हरिचंदनं त्याला ओंजळीत घेतलं आणि मेथीच्या ढिगावर मधोमध ठेवलं. एक जुडी सोडली. पान खुडून पुढं केलं, तसा फौजदार दचकून मागं सरला. त्याची नजर मेथीवर नव्हती, बोटावर होती. तीच टिचकीची बोटं.

हरिचंदनं दोन्ही हात पाठीमागं नेले. गुडघ्यांवर आला, वाकला, आणि शेळी खाते तसं थेट ढिगात तोंड घातलं. कचाकचा चावू लागला.

"अहो, मेथी कशी दिली?" एक बाई विचारत होती.

तो चावतच राहिला. भोवती माणसं जमली. कुणीतरी म्हणालं, "हरिचंदला काय झालं बाप्पा?" कुणी हसलं. हसणाऱ्यांना गप्प केलं ते रुख्मिणीबाईनंच. "हसून काहून राहिले? गुमान उभं राहा."

हरिचंदच्या ओठांतून एक पान लोंबत होतं. फौजदार एक पाऊल पुढं आला. थांबला. त्या पानाकडं पाहिलं, मग हरिचंदच्या डोळ्यांत. आणि चोच लांबवून त्यानं पानाचं टोक तोडलं. चघळलं. पुन्हा तोडलं. तिसऱ्यांदा त्यानं पानाबरोबर हरिचंदचा ओठही चावला. पण हरिचंद हलला नाही. डोळ्यांत पाणी आलं, ते ओठामुळं असं तो अजून सांगतो.

पावसाळा येऊन गेला. फौजदाराचं पोट उतरलं आणि आता तो हरिचंदच्या खांद्यावर नेमका येऊन उतरतो. मेथी खातो, गाजर खातो, गवारी खातो. अट एकच, की आधी हरिचंदनं खाल्लं पाहिजे. त्यातही फौजदाराचा जीव जडलाय कारल्यावर. पिकून आतलं बी लाल झालेलं कारलं दिसलं की तुरा उभा राहतो. हरिचंदनं तोंड वाकडं केलं तर तो कारल्याला शिवत नाही, दिवसभर रुसून बसतो.

परवा एक सूनबाई पिशवी घेऊन आली. "मामा, कारली लई कडू तर न्हाईत ना?"

हरिचंदच्या गालात तेव्हा कच्च्या कारल्याचा घास होता, आणि खांद्यावरून फौजदार त्याच्या चेहऱ्यावरची रेघ न् रेघ तपासत होता. हरिचंदनं सावकाश चावलं, सावकाश गिळलं, आणि कपाळाला एकही आठी पडू न देता प्रसन्न हसून मान हलवली.

सूनबाईनं किलोभर घेतली.