तेराव्या टेस्टचं टपल

तेरावी टेस्ट टाकली आणि कोड कंपाइल होईना. बारापर्यंत सगळं ठीक होतं.

धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबचं रिपोर्टचं सॉफ्टवेअर मी रस्ट या भाषेत लिहिलं होतं. तिच्यात कोणत्या जागी आकडा, कोणत्या जागी अक्षरं, हे आधीच ठरवावं लागतं. चुकलं तर कंपायलर, म्हणजे कोड तपासणारा प्रोग्रॅम, पुढे जाऊच देत नाही. लॅबच्या जुन्या सॉफ्टवेअरला असा धाक नव्हता. त्याने पारशिवनीच्या एका आजोबांचा रक्तगट १३.२ छापला होता. आजोबांनी तो गावभर दाखवला. असा रक्तगट गावात दुसऱ्या कोणाचाच नव्हता.

हिमोग्लोबिनचा आकडा, रक्तगट, मलेरिया आहे की नाही, अशा वेगवेगळ्या प्रकारच्या गोष्टी ठरलेल्या क्रमाने एकत्र बांधल्या की त्याला टपल म्हणतात. टपलचा रिपोर्ट छापणारं फंक्शन मी एका टेस्टसाठी लिहिलं, मग दोनसाठी, असं करत बारापर्यंत गेले आणि कंटाळले. काही भाषांत 'कितीही गोष्टी, कोणत्याही प्रकारच्या' असं एकदाच लिहून मोकळं होता येतं. त्या सोयीला व्हेरिअॅडिक जेनेरिक्स म्हणतात. रस्टमध्ये ती नाही.

आणि लॅबच्या डॉक्टरांनी फुल बॉडी पॅकेजमध्ये व्हिटॅमिन डी घातलं. रविवारी पॅकेजचं उद्घाटन. पत्रकं वाटून झालेली, त्यावर ठळक अक्षरात '१३ तपासण्या'.

आमचे बॉस खापेकर सर म्हणाले, "बाराचं कॉपी करा, त्याचं तेरा करा. विषय संपला."

मला ते कमीपणाचं वाटलं. उद्या चौदावी आली तर, असं म्हणून मी मॅक्रो लिहायला बसले. मॅक्रो म्हणजे कोड लिहिणारा कोड. दोन दिवसांत त्याने एकच गोष्ट लिहिली, चार पानांची एरर. सर मागे येऊन उभे राहायचे, एररची पानं मोजायचे आणि निघून जायचे.

शुक्रवारी डॉक्टरांचा फोन आला. वेळ काढायला मी 'पाहणी'च्या नावाखाली लॅबमध्ये गेले. वनिताताई, तिथल्या सगळ्यात जुन्या टेक्निशियन, ट्रेमध्ये ट्यूब लावत होत्या. ट्रेला खाने बारा. तेरावी ट्यूब कुठे ठेवणार, मी विचारलं.

"शेवटच्या खान्यात हा डबा ठेवला न. त्याच्यात अजून चार मावतेत," त्या म्हणाल्या. "काहून, मॅडम?"

मी सरळ ऑफिसला परतले. टपलच्या बाराव्या जागेवर दोन टेस्टचं छोटं टपल ठेवलं. माझं फंक्शन प्रत्येक जागेला एवढंच विचारायचं, तुला छापता येतं का? छोट्या टपललाही येत होतं, दोनसाठीचं मी आधीच लिहिलं होतं. एक ओळ बदलली, कोड कंपाइल झाला.

रविवारी तेराही तपासण्या नीट छापून आल्या. खापेकर सरांनी डॉक्टरांना हे आमचं नवं आर्किटेक्चर असल्याचं सांगितलं. वनिताताईंना मात्र मी खरं काय केलं ते सांगितलं.

"एवढंच? मंग दोन दिवस काय करून राहिल्या होत्या तुम्ही?"

तेव्हापासून कोड अडला की मी आधी ते काम हाताने करणाऱ्या माणसाकडे जाते. एरर तिथेही मिळते, पण ती एका ओळीची असते.