पिल्लाचे इंग्रजी

दुसरे महायुद्ध सुरू होण्याच्या आदल्या हिवाळ्यात, मोताळ्याजवळच्या एका आमराईत, जिल्ह्याच्या इंग्रज साहेबाच्या तंबूसमोर, माझ्या मामांच्या पिल्लाने तहसीलदारांच्या धोतराचा सोगा धरला. सोगा फाटला. धोतर सुटले नाही. ते सुटले असे पुढे बाजारात सांगितले जात असे. मी तिथे हजर होतो. ते सुटले नव्हते.

पिल्लू घरात आणण्यामागे मामांचा हेतू एकच होता. त्यांना रावसाहेब व्हायचे होते. हा किताब सरकार देत असे. शिफारस तहसीलदारांपासून निघे, जिल्ह्याच्या साहेबाकडे जाई आणि तिथून नागपूरला. मामांकडे कपाशीची चांगली जमीन होती, गावच्या शाळेला त्यांनी खोली बांधून दिली होती, आणि प्रत्येक साहेबाच्या दौऱ्यात ते हार घेऊन उभे राहत. पण आदल्या वर्षी किताब मिळाला तो चिखलीच्या त्यांच्या व्याह्यांना. तेव्हापासून मामांच्या मुलीला तिची सासू ‘पाटलाची पोर’ म्हणू लागली. त्याआधी ती तिला नावाने हाक मारत असे. मुलगी माहेरी आली की हे सांगे, मामी ऐकून घेत, आणि मामा उठून ओसरीवर जात.

नव्या साहेबाला कुत्र्यांचा शौक आहे, ही माहिती मामांना कचेरीतल्या एका कारकुनाने दिली. पुढच्याच आठवड्यात ते शेगावला गेले आणि रेल्वेतल्या ओळखीने एका गोऱ्या ड्रायव्हरच्या कुत्रीचे पिल्लू टोपलीत घालून घेऊन आले. ते तांबूस होते आणि त्याचे कान लांब होते. बाप कोण, याची माहिती ड्रायव्हरलाही नव्हती. मामांनी ते विलायती असल्याचे जाहीर केले.

विलायती जनावराला मराठीत शिकवणे योग्य नाही, असे मामांचे मत पडले. मी त्या वर्षी मॅट्रिकला इंग्रजीत नापास होऊन त्यांच्याकडे राहत होतो. गावात इंग्रजी जाणणारा दुसरा कोणी नव्हता. शिक्षक म्हणून माझी नेमणूक झाली.

पिल्लाच्या नावावर एकमत झाले नाही. मामांना इंग्रजी नाव हवे होते, पण राजघराण्यातले नाव कुत्र्याला दिले तर साहेब रागावेल अशी भीती होती, आणि दुसरी इंग्रजी नावे त्यांना माहीत नव्हती. नाव ठरेपर्यंत घरातले सगळे त्याला ‘यू, यू’ करून बोलवू लागले. ‘यू’ म्हणजे इंग्रजीत ‘तू’, हे मी सांगितले तेव्हा मामा थक्क झाले.

“पाय बे,” ते मला म्हणाले, “आपन वऱ्हाडातले लोक पिढ्यान्‌पिढ्या कुत्र्यासंगं इंग्रजीच बोलून राह्यलो. अन् आपल्याले मालूमच नाई!”

नावाचा प्रश्न त्यानंतर निघाला नाही.

अभ्यासक्रम मामांनी ठरवला. ‘सिट’ म्हटले की बसायचे. ‘स्टँड’ म्हटले की मागच्या दोन पायांवर उभे राहायचे. ‘शेकहँड’ म्हटले की पंजा द्यायचा. शेवटी ‘सलाम’. यात पुढचा उजवा पंजा कपाळापर्यंत न्यायचा होता. सलाम हा शब्द इंग्रजी नाही हे मी निदर्शनास आणले. “साहेबाले कळते ना? मंग इंग्रजीच झाला,” असा निकाल मिळाला.

पद्धत साधी होती. मी ज्वारीच्या भाकरीचा तुकडा लोणी लावून त्याच्या नाकावर धरी आणि तुकडा मागे नेई. त्याची मान वर जाई, बूड खाली टेके. टेकता क्षणी मी ‘सिट’ म्हणे आणि तुकडा देई. तुकडा उंच धरला की ते उभे राही, तेव्हा ‘स्टँड’. पंजा मात्र हातात घेऊन शिकवावा लागला. सलामासाठी त्याच्या भुवईवर लोण्याचा ठिपका लावला. ते पंजाने पुसू लागले की मी ‘सलाम’ म्हणे. पुढे ठिपक्याची गरज राहिली नाही.

मामी स्वयंपाकघराच्या दारातून हे पाहत.

“अवो, त्याले ‘बस’ म्हना ना. काऊन त्या लेकराच्या जिवाले इंग्रजी लावता?”

“तुले नाई समजनार ते.”

“मले नाई समजत ते जाऊ द्या. त्याले काय समजते? त्याले भाकर दिसते.” त्यांनी तिथूनच रिकामी मूठ वर केली. पिल्लू बसले. मामींनी ‘सिट’ म्हटले नव्हते.

मामांनी हा प्रयोग ग्राह्य धरला नाही.

महिनाभरात व्याही येऊन गेले. ओसरीवर बसून त्यांनी पिल्लाचे चारही धडे पाहिले, सुपारी कातरली आणि म्हणाले, “वा इवाई! पोरगं नापास अन् कुत्रं पास! सरकारनं किताब कुत्र्यालेच दिला तं?”

“आमच्या घरात तं येईन, रावसाहेब,” मामा म्हणाले. हसण्यात ते सामील झाले. जेवताना त्यांनी दुसरी भाकर घेतली नाही.

पिल्लाची दुसरी शाळा शेतात चालू होती. ज्वारी दाण्यावर आली होती आणि रानडुकरे पिकात शिरत. मामांचा सालदार पिल्लाला दुपारी बरोबर नेई. त्याचा अभ्यासक्रम एका शब्दाचा होता. डुकराच्या दिशेला हात झटकून तो ‘छू!’ म्हणे, आणि पिल्लू हात असेल तिकडे सुटे. आपल्याकडे कुत्रे अंगावर घालायला हाच शब्द आहे. त्यात नवीन काही नव्हते, म्हणून मामांना कोणी कळवले नाही. पिल्लू हा धडा भाकरीशिवाय शिकले.

साहेबाचा मुक्काम आमराईत पडला तेव्हा मामांनी तहसीलदारांमार्फत भेटीची वेळ मिळवली. तहसीलदार नियमाने वागणारे गृहस्थ होते. मामांच्या शिफारशीचा कागद तयार असल्याचे त्यांनी तंबूबाहेरच सांगितले. साहेबाची मर्जी दिसली की सही व्हायची होती.

मामांनी काळा कोट आणि जरीचा फेटा घातला होता. ज्वारीची भाकर साहेबासमोर दिसणे बरे नाही म्हणून ती कोटाच्या खिशात होती. साहेब खुर्चीवर बसला होता. शेजारच्या टेबलावर मडमबाई चहा घेत होत्या. तहसीलदार त्यांच्या मागे थोड्या अंतरावर हात बांधून उभे होते.

मी ‘सिट’ म्हणालो. पिल्लू मामांच्या खिशाकडे पाहत बसले. ‘शेकहँड’ला त्याने साहेबाला पंजा दिला. ‘स्टँड’ला उभे राहिले. ‘सलाम’ केला तेव्हा साहेब मोठ्याने हसला आणि मडमबाईंनी टाळ्या वाजवल्या. तहसीलदारांनी मामांकडे पाहून मान हलवली. मामांच्या डोळ्यांत पाणी आले होते.

सलामाला खिसा रिकामा झाला. पिल्लाने खिसा हुंगून खात्री करून घेतली आणि ते चहाच्या टेबलाकडे गेले. तिथे बिस्किटे होती. त्याने टेबलावर पंजे टेकले. मडमबाईंनी हातातला रुमाल मागे झटकला आणि म्हटले, “शू! शू!”

इंग्रजीत याचा अर्थ ‘दूर हो’ असा आहे. पिल्लाचे इंग्रजी तिथपर्यंत पोहोचले नव्हते. त्याने तो शब्द शेतात ऐकला होता तसाच ऐकला, आणि रुमालाची दिशा पाहिली. त्या दिशेला तहसीलदार होते.

पुढचा भाग सुरुवातीला सांगितला आहे. सोगा फाटल्यावर तहसीलदार आमराईतून पळू लागले आणि पिल्लू त्यांच्यामागे. मडमबाई त्याला थांबवण्यासाठी रुमाल झटकून ‘शू, शू’ ओरडत होत्या. त्यामुळे ते थांबत नव्हते. पट्टेवाले काठ्या शोधत होते. पळणाऱ्याच्या मागे कुत्रे लागते, म्हणून साहेबाने उठून तहसीलदारांकडे बोट केले आणि गर्जना केली, “यू! स्टँड!”

पिल्लाला हाक ऐकू आली. ते वळले, धावत साहेबापुढे आले आणि मागच्या दोन पायांवर उभे राहिले. तहसीलदारही जागच्या जागी उभे राहिले. हुकूम एकच होता.

साहेबाने वाकून पिल्लाचे कान कुरवाळले. मग म्हणाला की या देशात त्याने इतके शिस्तीचे जनावर पाहिले नाही, आणि ते फक्त इंग्रजीच मानते हे विशेष. मी ते मराठीत सांगितले. मामा वाकून म्हणाले, “हुजूर, ते आपलंच आहे.” पिल्लू साहेबाकडे राहिले. तहसीलदार तंबूच्या मागे धोतर सारखे करत होते.

घरी येईपर्यंत मामा बैलांच्या दमणीत गाणे गुणगुणत होते. मामींना त्यांनी दारातच सांगितले, “झालं काम. सायेब खूश.”

मामींनी मला बाजूला घेऊन सगळे विचारले. मग त्या म्हणाल्या, “अवो, कागद कोनाच्या हातात आहे?”

मामा फेटा सोडत होते. ते थांबले.

“तहसीलदाराच्या.”

“अन् फाडलं कोनाचं?”

दुसऱ्या दिवशी मामा नागपुरी धोतरजोडी घेऊन तहसीलदारांकडे गेले. तहसीलदारांनी ती ठेवून घेतली आणि पिल्लाची खुशाली विचारली. शिफारशीचा विषय मामांनी काढला तेव्हा त्यांनी सांगितले की कागदात किरकोळ दुरुस्त्या आहेत, त्या झाल्या की सही होईल. मामा पुढेही तीनचारदा जाऊन आले. दुरुस्त्या चालू होत्या.

किताबांच्या पुढच्या यादीत आमच्या तालुक्यातले एकच नाव आले. तहसीलदार रावसाहेब झाले. कचेरीच्या आवारात मांडव घालून त्यांचा सत्कार झाला. तालुक्यातल्या जमीनदारांच्या वतीने त्यांना हार मामांनी घातला.