देवाचा डबा कितवा?

दहा डबे भरायचे असतील, तर त्यांतला देवाचा डबा कितवा? पहिला की दहावा? मंजुषा आढाव हिने हा प्रश्न ज्यांना ज्यांना विचारला त्यांच्यात प्रस्तुत लेखकही होता. उत्तर त्यालाही देता आले नाही. तिचे स्वतःचे उत्तर मात्र दोन वर्षांत एकदा बदलले. ते कसे बदलले, एवढाच या लेखाचा विषय आहे.

मंजुषा मूळची राहुरीकडची. तिचे माहेर ख्रिस्ती. हंगामाच्या सणाला वेलीवरचा पहिला दोडका मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, नेऊन ठेवायचा, मग घरात दोडक्याची भाजी करायची, अशा घरात ती वाढली. नवरा एकनाथ चंडीगडच्या वैद्यकीय संस्थेत प्रयोगशाळेत तंत्रज्ञ. सेक्टर ४५ मधल्या भाड्याच्या दोन खोल्यांत दोघांचा संसार. एकनाथच्या पगाराचा दशांश दर महिन्याला चर्चमध्ये जात असे आणि त्याबद्दल घरात कधी चर्चा होत नसे. हवेपाण्याबद्दल व्हायची तेवढीही नाही.

अडचण आली ती तिच्या डब्यांमुळे. मोहालीच्या सेक्टर ६७ मधल्या औषधनिर्माण संस्थेत काही मराठी मुले संशोधन करतात. त्यांतल्या सुबोधने एकदा तिच्या हातची शेंगदाण्याची आमटी खाल्ली आणि पंधरवड्यात नऊ जणांचे दुपारचे डबे सुरू झाले. या धंद्यात नफा किती, हे मंजुषाला काही केल्या उमगेना. तेल, गॅस आणि स्कूटरचे पेट्रोल वजा करता करता दशांश कशाचा काढायचा हेच कळेनासे झाले. डबे मात्र मोजता येत होते. तेव्हा नऊ डबे मुलांचे आणि दहावा देवाचा, असे तिने ठरवून टाकले.

देवाचा डबा एकनाथ सकाळी कामावर जाताना नेई आणि रुग्णालयाच्या धर्मशाळेत उतरलेल्या कुणा रुग्णाच्या नातेवाइकाला देई. त्या हिवाळ्यात तो बलबीरसिंग नावाच्या संगरूरकडच्या वृद्ध सरदारजींच्या वाट्याला आला. त्यांची पत्नी बरेच दिवस दाखल होती. सरदारजी मनापासून जेवत आणि तितक्याच मनापासून नावे ठेवत. तिखटाबद्दल बोलले, ते एकनाथने हसण्यावारी नेले. एकदा मात्र त्यांनी रिकामा डबा परत देताना विचारले, “बेटा, तरी तो रोज आती है, आलू रास्ते में कहाँ उतर जाते हैं?”

एकनाथ घरी आला तो धुमसतच. फुकटचे खाऊन वर बटाटे मागतात, असे त्याचे म्हणणे. मंजुषा आधी खूप हसली. मग ओट्याशी गेली, तेव्हा तिच्या लक्षात आले. दहावा डबा ती सर्वांत शेवटी भरत होती. पातेल्याच्या तळाशी जे उरेल ते त्यात जाई. नऊ डब्यांना बटाटे आणि देवाला रस्सा.

दुसऱ्या दिवसापासून देवाचा डबा पहिला भरला जाऊ लागला. ऐकायला हा बदल लहान वाटतो. पण शेवटचा डबा देवाचा होता, तोवर कमी पडलेले देवाच्या वाट्याला जात होते. पहिला देवाचा झाल्यावर ते मुलांच्या आणि पर्यायाने मंजुषाच्या वाट्याला येणार होते. नेमका त्याच आठवड्यात धुक्यामुळे डबे पोचायला उशीर झाला आणि सुबोधने संकोचत सांगितले, की पुन्हा असे झाले तर सगळे कँटीनला जायचे म्हणताहेत. ते नऊ जण गेले, तर तिची शेगडी बंद होणार होती.

आणि जानेवारीतल्या एका गोठलेल्या सकाळी चपात्या लाटता लाटता गॅस संपला. दुसरी टाकी आलेली नव्हती. उसनी मागावी, तर घरमालकीण पंचकुल्याला लेकीकडे गेलेली. ढाब्यावरची रोटी आणता आली असती. पण ती नको म्हणून तर मुले तिच्याकडे आली होती. घरच्या दोघांचा वाटा घालूनही एक डबा कमी पडत होता.

एकनाथ दारात बूट घालत होता. हातातली पिशवी त्याने खाली ठेवली.

“मंजू, हा राहू दे आज. देवाला सांगू, उद्या दोन देतो म्हणून.”

“देवाला सांगाल हो. सरदारजींना काय सांगणार?”

“आणि मुलांना तू काय सांगणार?”

“ते जाईपर्यंत सुचेल. पहिला काढून ठेवला की तो आपला राहिला का? दुसऱ्याच्या डब्यातून काय उसनं घ्यायचं?”

एकनाथने पिशवी उचलली. ती आठ डबे घेऊन निघाली. धुक्यात स्कूटर रांगत होती आणि ती हेल्मेटच्या आत वाक्ये जुळवत होती. फाटकापाशी पोचेपर्यंत एकही धड जुळले नाही. सुबोध आणि त्याच्याबरोबरचा शिशिर डबे घ्यायला आले, तेव्हा तिने सरळ सांगून टाकले, की आज एक कमी आहे, गॅस संपला.

सुबोध काही बोलणार, तोच शिशिर ओशाळून म्हणाला, “काकू, मी काल मेसेज करणार होतो, राहून गेला. मला आज डबा नको. संकष्टी आहे.”

“तुला कधीपासून संकष्टी?” सुबोधने विचारले.

“आईने लावलीय. थिसिस जमा होईपर्यंत.”

“मग जन्मभर उपाशी राहशील. आणि या धुक्यात चंद्र कुठे दिसणार?”

“ॲपवर उगवतो.”

मंजुषाला हसू आवरेना. देवाचा पहिला डबा कुठे गेला, हेही तिने मग सांगितले. सुबोधने भुवया उंचावल्या. “म्हणजे आमच्या आधी रोज देव जेवतो?”

“देव नाही रे, बलबीरसिंग.”

कँटीनचा विषय पुन्हा निघाला नाही. शिशिरच्या सगळ्या चतुर्थ्या मंजुषाने फोनमध्ये घालून ठेवल्या, कारण तिच्या घरात त्या कुणालाच ठाऊक नसत. त्या दिवशीच्या संकष्टीला एकनाथ योगायोग म्हणतो; ती वाद घालत नाही. त्या हिवाळ्यात आणखी दोनदा जेवण कमी पडले. तेव्हा कुणाचाही उपास नव्हता. दोन्ही वेळा मंजुषाने स्वतःच्या वाट्याचे डब्यात घातले आणि चहाबरोबर टोस्ट खाऊन दुपार काढली. पहिला डबा पहिलाच राहिला. मार्चमध्ये सरदारजी पत्नीला घेऊन गावी गेले. जाताना त्यांनी सांगितले, की बटाटे आता पोचतात, मीठ थोडे जास्त आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये मंजुषाने दुसरी शेगडी घेतली. डबे मात्र आजही दहाच जातात, आणि पहिला देवाचा.